खाल्ल्या मिठाचा हिशेब

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागले की वाटेत झरी लागते. झरी माझे गाव. कॉलेजच्या सुट्टीत मी गावी असलो म्हणजे जुने विद्यार्थी भेटायला येतात. कोणाला नोकरीचा अर्ज लिहून हवा असतो, कोणाला एखाद्या स्थळाची चौकशी करायची असते. इतिहासाच्या प्राध्यापकाला याहून दुसरे काम गावात कोण सांगणार? पण काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एक मुलगा जो प्रश्न घेऊन आला, तो खरे म्हणजे इतिहासाचाच होता. हे त्याला ठाऊक नव्हते, आणि मलाही ते जरा उशिराच उमगले.

मुलगा हुशार. बी. कॉम. होऊन एका हिशेबतपासनिसाच्या हाताखाली काम करीत होता. दुसऱ्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेचे दप्तर तपासायला त्याला पाठवले होते. वह्या चाळता चाळता त्याच्या ध्यानात आले की, काही मोठी कर्जे मार्चअखेर फिटतात आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच माणसांच्या नावे तेवढ्याच रकमेची पुन्हा उभी राहतात. आपल्याकडे याला ‘नवे-जुने’ म्हणतात. कागदावर कर्ज फिटले, तिजोरीत मात्र पैसा आलाच नाही. त्याने टाचण करून ठेवले. अहवाल व्हायचा होता. तेवढ्यात संस्थेच्या चेअरमननी त्याला चहाला बोलावले आणि म्हणाले, “आमचे मॅनेजर आता निवृत्त व्हायला आलेत. तुमच्यासारखा जाणता माणूस आम्हाला पाहिजे. दिवाळीनंतर या.”

“त्यांनी लाच दिली नाही, सर,” मुलगा मला सांगू लागला. “धमकी नाही, काही नाही. टाचणाचं तर नावसुद्धा काढलं नाही. नोकरीच देतायत ना? घरी आई खूश आहे. यात वाईट काय?”

मी लगेच उत्तर दिले नाही. एक तर त्याच्या घरची ओढाताण मला माहीत होती. दुसरे असे की, त्याच संस्थेत माझ्या मावशीची ठेव होती. म्हणजे मी जो सल्ला देणार, तोही काही निर्मळ नव्हता. “दोन दिवसांनी ये,” असे सांगून मी वेळ मागून घेतला. त्या दोन दिवसांत मनात जे आले, तेच आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

आपल्या समाजात खाल्ल्या मिठाला जागणे हा फार मोठा गुण मानला जातो. मिठाला न जागणाऱ्याला आपण नमकहराम म्हणतो, आणि याहून वाईट शिवी इमानाच्या दुनियेत नाही. दुसऱ्या बाजूने, ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ असेही आपणच म्हणतो. आता गंमत अशी पाहा की, सैनिकाला, नोकराला, मित्राला जो गुण शोभतो, तोच हिशेबतपासनिसाच्या अंगी आला की दोष होतो. कारण त्याचे इमान ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्याशी नसून, जो हिशेब पाहू शकत नाही त्याच्याशी असते. भागीदार, ठेवीदार, सभासद, रयत ही ती माणसे. त्यांना वह्या वाचता येत नाहीत, वाचायला कोणी देतही नाही. त्यांच्या वतीने एक माणूस आत जातो आणि बाहेर येऊन सांगतो की, हे खरे आहे किंवा हे खरे नाही. त्याने आतले मीठ खाल्ले असेल, तर त्याच्या सांगण्याला काय किंमत उरली?

हे मीठ तीन प्रकारचे असते. काल खाल्लेले, आज खात असलेले आणि उद्या खायला मिळेल अशी आशा असलेले. आपल्या पूर्वजांनी यांपैकी आजच्या मिठाचा बंदोबस्त फार विचारपूर्वक केला होता.

शिवछत्रपतींच्या किल्ल्यांची व्यवस्था सर्वांना परिचित आहे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी किल्ल्यावर असत. हुकमत हवालदाराची, फौजेची देखरेख सरनोबताची, आणि हजेरी व जमाखर्च सबनिसाचा. तिघे एकमेकांच्या बरोबरीचे, तिघांनी मिळून कारभार करायचा, आणि तिघांचा पगार सरकारातून. सबनीस हा हवालदाराचा कारकून नव्हता. हवालदाराच्या मर्जीवर त्याची भाकर नव्हती, म्हणून हवालदाराचा खर्च त्याला खरा लिहिता येत होता. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सिद्ध झालेल्या ‘आज्ञापत्रा’त किल्ल्यावरच्या अधिकाऱ्यांच्या काही वर्षांनी बदल्या कराव्यात, असा उपदेश आहे. ज्या रामचंद्रपंतांच्या नावे हा ग्रंथ ओळखला जातो, ते स्वतः अमात्य होते. अमात्य म्हणजेच मुजुमदार, राज्याच्या जमाखर्चाचा प्रमुख. एका जागी माणूस फार काळ राहिला की त्याची मुळे तिथे रुजतात, हे अशा माणसाला कोणी शिकवावे लागले नसेल.

पेशवाईत ही पद्धत जिल्ह्यापर्यंत पोचली. मामलेदाराच्या हाताशी दरकदार नावाचे अधिकारी असत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस अशी त्यांची नावे सांगतात. मामलेदाराच्या पत्रांवर दिवाणाची सही लागे. हिशेब आणि कागद फडणिसाकडे जाण्याआधी मुजुमदार ते पाहून मान्य करी. फडणीस रोजकीर्द लिही आणि दप्तर हुजुरात नेई. दफ्तरदार रोजकीर्दीवरून खतावणी करून महिन्याचा गोषवारा वर पाठवी. एकाच्या हातचे दुसऱ्याने पाहायचे, अशी ही साखळी. पण तिच्यातली खरी मेख वेगळी होती. दरकदाराला कामावरून काढण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. दरक वंशपरंपरेने चाले आणि तो हुजुराकडून मिळालेला असे. मामलेदार कितीही संतापला, तरी मुजुमदाराची भाकर तो काढून घेऊ शकत नव्हता.

आमचा हा परभणीचा मुलूख त्या काळी निजामाचा. तरी चौथाई-सरदेशमुखीच्या निमित्ताने मराठ्यांच्या हिशेबाची पद्धत इकडच्या लोकांनाही अगदीच अनोळखी नसावी, असे मानायला हरकत नाही. आणि गावपातळीवर पाटील-कुलकर्ण्यांची जोडी तर दोन्हीकडे होतीच. पाटलाचा वसूल, कुलकर्ण्याचे दप्तर. दोघेही वतनदार, म्हणून एकाने दुसऱ्याला घालवून देण्याची सोय नाही.

मग ही व्यवस्था कोसळली कशी? याचे उत्तर एका छोट्या, पण अंगावर काटा आणणाऱ्या नोंदीत आहे. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा एक अहवाल १८१९ साली लिहिला. त्यात ‘दरबारखर्च’ किंवा ‘अंतस्थ’ नावाच्या एका रकमेचा उल्लेख येतो. मामलेदार ही रक्कम दरबारातल्या कारभाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना देत. सुरुवातीला ही गुपचूप दिलेली लाच होती. पण होता होता ती इतकी रुळली की, मामलेदाराच्या जमाखर्चात तिचे खाते पडले, आणि इतर खर्चाप्रमाणे तोही खर्च रीतसर तपासला जाऊ लागला! म्हणजे तपासनिसाला दिलेली लाच तपासनीसच तपासणार आणि ‘बरोबर’ म्हणून शेरा मारणार. दुसरा बाजीराव तर या खात्यावर स्वतः नजर ठेवी आणि त्यातला वाटा आपल्याकडे घेई. तेव्हा अंतस्थ खात्यातले अंतस्थपण संपले आणि खऱ्या गुप्त रकमांसाठी पुन्हा नवे मार्ग निघाले.

वाचकहो, दरकदाराला कोणी बडतर्फ केले नव्हते. कायदा जागच्या जागी होता, हुद्दे होते, सह्या होत होत्या. फक्त तपासणाऱ्याचे मीठ तपासल्या जाणाऱ्याच्या घरून येऊ लागले होते. पुढे बाजीरावाने मामलती जास्त बोली बोलणाराला मक्त्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा तर हिशेब पाहण्याचे प्रयोजनच संपले. रक्कम आगाऊ ठरलेली, रयतेकडून किती उकळले हे विचारायचे कोणी?

वंशपरंपरेच्या उपायातही एक खोट होती, ती सांगितली पाहिजे. तिने बडतर्फीची भीती घालवली, पण तपासनिसाला त्याच मातीत कायमचे रोवून टाकले. मामलेदार बदलत, दरकदार राहत. सोयरीक जुळे, देणेघेणे सुरू होई. भीती गेली तरी सलगी राहिली. तेव्हा आजच्या मिठाची काळजी घेतली, एवढ्याने भागत नाही, हा या इतिहासाचा पहिला धडा.

उद्याच्या मिठाचा विचार आपल्या राज्यघटनेने केला, आणि तोही मोठ्या कठोरपणे. देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकाचे पद घटनेच्या १४८व्या कलमात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या रीतीने काढता येते, त्याच रीतीने त्याला काढता येते. नेमणुकीनंतर त्याच्या पगाराला व सेवाशर्तींना कात्री लावता येत नाही. इथवर दरकदाराचीच सुधारलेली आवृत्ती म्हणा. पण याच कलमाचा चौथा पोटभाग पुढे जातो. हे पद सोडल्यावर त्या माणसाला केंद्र सरकारच्या किंवा कोणत्याही राज्य सरकारच्या हाताखालचे दुसरे पद घेता येणार नाही. १९३५च्या कायद्यातही अशी अट होती. स्वतंत्र भारताने ती मुद्दाम ठेवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९च्या मे महिन्यात घटना समितीत या पदाविषयी बोलताना, हा बहुधा घटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे आणि त्याची कर्तव्ये न्यायसंस्थेपेक्षाही मोलाची आहेत, या आशयाचे विचार मांडले होते. संसदेने मंजूर केलेल्या खर्चाच्या पलीकडे पैसा जाऊ नये, हे पाहणारा तोच.

आता ही अट कशासाठी, याचा जरा विचार करा. तिच्यात माणसावर अविश्वास आहे का? मला तसे वाटत नाही. उलट, तिच्यात माणसावर दया आहे. निवृत्तीनंतर अमुक मंत्र्याकडून आपल्याला काही मिळू शकते, हा विचारच त्याच्या मनात येऊ नये, म्हणून तो दरवाजा आधीच बंद करून टाकला. मोह आवरण्यापेक्षा मोहाची वाट बुजवणे सोपे असते.

कालच्या मिठाबद्दल मात्र घटना मुकी आहे. सरकारात वर्षानुवर्षे सचिव असलेला माणूस या पदावर येऊ शकतो. २०१३ मध्ये संरक्षण खात्याचे सचिव महालेखापरीक्षक झाले, तेव्हा हाच मुद्दा निघाला आणि नेमणुकीला न्यायालयात आव्हान दिले गेले. त्या व्यक्तीच्या सचोटीबद्दल मला काही म्हणायचे नाही. प्रश्न एवढाच की, काल स्वतः केलेल्या खर्चाच्या फायली आज स्वतःच तपासायच्या झाल्या, तर लोकांनी निश्चिंत कसे राहावे?

काल आणि उद्या या दोन्ही मिठांनी मिळून केवढा अनर्थ होतो, याचे उदाहरण अमेरिकेतले असले, तरी त्या कंपनीचे नाव आपल्या घराघरांत पोचलेले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ दाभोळचा वीज प्रकल्प उभा राहिला तो एन्रॉन कंपनीचा. १९९९ मध्ये तिथली वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये दराच्या व थकबाकीच्या वादात प्रकल्प बंद पडला. तो वाद वेगळा. पण त्याच वर्षी, २ डिसेंबर २००१ रोजी, ह्यूस्टनमधली मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली. तिने आपली कर्जे आडवाटेच्या संस्थांमध्ये लपवली होती आणि नफा फुगवून दाखवला होता.

तिचे हिशेब आर्थर अँडरसन ही नामांकित पेढी तपासत होती, कंपनी जन्मली तेव्हापासून. सन २००० मध्ये या पेढीला एन्रॉनकडून हिशेबतपासणीचे अडीच कोटी डॉलर आणि सल्लामसलतीसारख्या इतर कामांचे २ कोटी ७० लाख डॉलर मिळाले. म्हणजे तपासणीपेक्षा इतर कामांचीच कमाई जास्त. पण पैशाहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे माणसांची ये-जा. अँडरसनमधून उठून कितीतरी माणसे एन्रॉनमध्ये नोकरीला गेली होती. एन्रॉनचा हिशेबप्रमुख रिचर्ड कॉझी हा अँडरसनमधूनच आलेला. तेव्हा टेबलाच्या या बाजूला बसलेल्या तरुण तपासनिसाला पलीकडे कोण दिसत असेल? आपला जुना साहेब, आणि कदाचित आपली उद्याची खुर्ची. अशा वेळी कठीण प्रश्न घशातच अडकतो. तो अडकला हे त्याचे त्यालाही कळत नाही.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. २००१च्या ऑगस्टमध्ये एन्रॉनच्या अध्यक्षाला पत्र लिहून या हिशेबांबद्दल धोक्याची सूचना देणारी शेरॉन वॉटकिन्स ही बाईसुद्धा पूर्वी अँडरसनमध्येच होती. म्हणजे कालच्या मिठाने प्रत्येकाचे तोंड बंद होतेच, असे नाही. पण संस्था चालवायच्या त्या अशा एखाद्या धीराच्या बाईच्या भरवशावर चालवायच्या का? अँडरसनची पेढी कागदपत्रे नष्ट केल्याच्या खटल्यात २००२ मध्ये दोषी ठरली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, पण तोवर पेढी संपली होती. हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतल्या बहुतेकांनी एन्रॉनची वही डोळ्यांनीही पाहिलेली नव्हती.

त्यानंतर कायदे झाले. अमेरिकेच्या २००२च्या कायद्याने असे ठरवले की, कंपनीचा प्रमुख किंवा तिचा वित्त वा हिशेबाचा प्रमुख अधिकारी मागच्या एका वर्षात तपासनीस पेढीतर्फे त्याच कंपनीच्या तपासणीत असेल, तर त्या पेढीला ती तपासणी करता येणार नाही. आपल्याकडे त्याच वर्षी नेमलेल्या नरेश चंद्र समितीने तपासनिसाने अशिलाकडे जाण्याआधी, आणि अशिलाच्या बड्या अधिकाऱ्याने तपासनिसाकडे येण्याआधी, दोन वर्षांचे अंतर असावे, अशी शिफारस केली. २०१३च्या कंपनी कायद्याने कंपनीच्या अधिकाऱ्याला वा नोकराला, त्यांच्या भागीदाराला वा नोकराला, तिचे तपासनीस होण्यास मनाई केली. जवळचा नातेवाईक कंपनीत संचालक वा प्रमुख अधिकारी असला, तरी मनाई. शेअर बाजारातल्या व इतर ठरावीक कंपन्यांना एकाच पेढीला सलग दहा वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि मग पाच वर्षे खंड पाडावा लागतो. ‘आज्ञापत्रा’तली बदलीच ही, नव्या वेषातली. हिशेबतपासनिसांच्या आचारसंहितेत तर स्वातंत्र्याला असलेले पाच धोके नावानिशी मोजले आहेत. स्वार्थ, आपलेच काम आपण तपासणे, अशिलाची वकिली, सलगी आणि दडपण. पाचही जुनेच आहेत. आपल्या दरकदारांना ते सगळे भेटले होते.

तिसऱ्या दिवशी मुलगा पुन्हा आला. मी त्याला आधी माझ्या मावशीच्या ठेवीचे सांगितले. म्हटले, “माझा सल्ला ऐकताना एवढी गोष्ट ध्यानात ठेव. मी तटस्थ नाही.” तो हसला. मग मी त्याला अंतस्थ खात्याची हकीकत सांगितली. “चेअरमन वाईट आहेत असं मी म्हणत नाही,” मी म्हणालो. “नोकरी खरीही असेल. पण आज तू ती वही उघडशील, तेव्हा त्या टाचणाकडे काल पाहिलंस तसं पाहू शकशील का? शेरा गाळलास, तर नोकरीसाठी गाळलास असं लोक म्हणतील. शेरा लिहिलास आणि नोकरी गेली, तर तुलाच वाटेल की आपण थोडं नरम लिहायला हवं होतं. दोन्हीकडून तुझं मन तुझं राहिलं नाही.”

“मग करू काय?”

“तुझ्या साहेबांना सांग. टाचणही सांग आणि नोकरीचंही सांग. पुढचं ते बघतील.”

त्याने तसे केले. साहेबांनी त्याला त्या तपासणीवरून काढले आणि दप्तर दुसऱ्याकडे दिले. मुलाला ते लागले. खरे सांगून शिक्षा झाली, असे त्याला वाटले. काढणे ही शिक्षा नसून रीत आहे, हे त्याला पटायला बरेच महिने लागले. ‘नवे-जुने’चा शेरा अहवालात आला. नोकरी अर्थातच मिळाली नाही. दिवाळी आली आणि गेली, चेअरमननी पुन्हा चहाला बोलावले नाही. आजही तो परभणीत त्याच साहेबांकडे आहे, आणि पगार बेताचाच आहे. त्याच्या आईने मला अजून पुरते माफ केलेले नाही.

मधल्या काळात मावशीला मी एका शब्दाने बोललो नाही. विश्वासाने कळलेली गोष्ट नात्यात वापरायची नसते. ते महिने मला जड गेले. वार्षिक सभेत अहवाल वाचला गेला, तेव्हा तिलाही इतरांबरोबर कळले. सभासदांनी प्रश्न विचारले आणि वसुलीची चर्चा सुरू झाली. मावशीला त्या शेऱ्यातले अर्धे शब्द समजले नव्हते. तिने मला घरी आल्यावर एकच गोष्ट विचारली.

“ते लिहिणारा ऑडिटर कोणाचा रे माणूस?”

“कोणाचाच नाही, मावशी.”

“मग खरं असंल,” ती म्हणाली.

वही न वाचता येणाऱ्या माणसाला हिशेब पारखण्याची एवढी एकच कसोटी हातात असते. तपासणारा कोणाचा माणूस, एवढेच तो विचारतो. मुजुमदाराच्या काळातली रयत हेच विचारीत असेल, आणि एन्रॉनच्या भागधारकांनी हे वेळेवर विचारायला हवे होते. आपल्या गावची सोसायटी, आपली पतसंस्था, आपली बँक यांच्या पुढच्या सभेला आपण जाल, तेव्हा नफ्याचा आकडा नंतर विचारा. आधी हे विचारा की, तपासणारा काल कोणाकडे होता आणि उद्या कोणाकडे जाणार आहे.